भाचा पंधरा वर्षांचा आहे, 'भाई'च्या मागे लागलाय. प्रत्यक्ष उपयोग झालेलं काही माहीत आहे का?

हडपसरची_मावशी

धागा चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

बहिणीचा मुलगा नववीत आहे. बहीण सोसायटीत चार घरची कामं करते, भावोजी टेम्पोवर. शाळा सकाळची. दुपारी साडेबाराला दप्तर टाकलं की रात्री अकरापर्यंत पोरगं कुठे असतं, कुणाला पत्ता नाही. मागच्या महिन्यात त्याचं स्टेटस बघितलं. भररस्त्यात दुचाक्यांच्या सीटवर मांडलेले पाच केक, आणि भाई ते कोयत्यानं कापतोय. मागे आमचं बाळ, हातात फेसाचा स्प्रे. विचारलं तर म्हणाला, "मावशी, मी फक्त स्प्रे मारला." माझ्या आजोबांच्या घरीही कोयता होता, ऊस तोडायचा. दाराच्या खाचेत अडकवलेला असायचा. त्याच्याबरोबर फोटो काढावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही कधी.

आता कळतंय की भाई त्याला कधी शंभर रुपये देतो, कधी पेट्रोल. जुना मोबाईलही दिलाय. बदल्यात 'ही पिशवी तिकडे ठेवून ये'. पिशवीत काय आहे, हा विचारत नाही.

एका ठिकाणी शिबिराला घेऊन गेले होते. दारावरच फलक: 'गुन्हेगारीकडे वळणाऱ्या मुलांसाठी मार्गदर्शन'. फलक वाचून पायरीवरूनच मागे फिरला. "मी गुन्हेगार आहे का?" मला उत्तर सुचलं नाही.

बहीण त्याला गावी धाडायचं म्हणतेय. कुणाच्या मुलाला कशाचा खरोखर फायदा झाला असेल तर सांगा. भाषणं नकोत, ती घरात रोज होतात.

स्पष्टवक्ता

दोन कानाखाली वाजवा आणि मोबाईल काढून घ्या. आमच्या वेळी असले लाड नव्हते.

मैदानातला_मास्तर

स्पष्टवक्ते, कानाखाली त्याच्या बापानं वाजवलेलीच असणार. भाईकडे जाणाऱ्या पोरांना घरी कुणी मारत नाही, असं मी तरी बघितलेलं नाही.

ताई, मी वस्तीत कबड्डी शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. मोकळी जागा, दोन दिवे, मंडळाच्या वर्गणीतून घेतलेल्या मॅट. आमच्याकडे कसलाही फलक नाही. सुधारायला या म्हटलं तर कोण येईल? संघात एक माणूस कमी आहे म्हटलं की येतात.

भाई पोराला काय देतो ते नीट बघा. शंभर रुपये हे निमित्त. तो त्याला काम देतो, नावानं हाक मारतो, 'तुझ्यावर सोपवतो' म्हणतो. पंधराव्या वर्षी असं म्हणणारा दुसरा कोण असतो? म्हणून नव्या पोराला मी पहिल्या दिवशी खेळायला उतरवतच नाही. फक्की मारायला लावतो. मैदानाच्या रेषा आखायच्या, दोरी धरायची, वाकडी गेली की पुसून पुन्हा. आठवडाभरात तो दुसऱ्यांवर ओरडायला लागतो, "ए, रेषेवर पाय देऊ नको." मग त्याच्याकडे मॅटच्या खोलीची चावी. खोलीतून काही चोरीला गेलंय का? गेलंय. दोनदा. चावी परत घेतली नाही.

वेळ साडेपाच ते साडेआठ, नंतर उकडलेली अंडी नाहीतर शेंगदाणे-गूळ. हसू नका, निम्मी पोरं आधी अंड्यासाठीच येतात.

एक चूक सांगतो, कारण ती अजून डोक्यातून जात नाही. पूर्वी मी पावसाळ्यात मैदान बंद ठेवायचो. चिखल असतो, स्पर्धा नसतात, मलाही जरा विश्रांती. एका वर्षी आमचा उजवा कोपरा सांभाळणारा पोरगा, सतरा वर्षांचा, त्या अडीच महिन्यांत गेला तिकडे. गणपतीत परत भेटला तेव्हा त्याच्यावर मारामारीची केस होती. मला म्हणाला, "मास्तर, तुम्हीच सुट्टी दिली होती ना." तेव्हापासून पावसात समाजमंदिरात बसतो. खेळ होत नाही, नुसते सूर्यनमस्कार आणि कॅरम. पण दार उघडं असतं.

गावी पाठवलं तर चार महिन्यांनी परत येईल, भाई इथेच असेल. पत्ता व्यनि (खासगी निरोप) केलाय. त्याला आणून सोडा आणि तुम्ही थांबू नका.

निवृत्त_समाजसेविका

मी काही वर्षं बाल न्याय मंडळावर होते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतात, त्यातली एक मी. २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामीन देताना लिहायला सांगितलेला तो ३०० शब्दांचा निबंध गाजला आणि लोकांना वाटायला लागलं की मंडळ म्हणजे श्रीमंतांची पोरं सोडणारी जागा. आमच्यासमोर यायची ती मुख्यतः तुमच्या भाच्यासारखी मुलं. निबंध सोडा, त्यांना जामिनाला उभं राहणारं माणूस मिळायचं नाही.

मावशी, एक गोष्ट गंभीरपणे घ्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या नियमांप्रमाणे गुन्हा अतिगंभीर नसेल तर मुलावर एफआयआर होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. पण मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेल्या गुन्ह्याला ही सवलत नाही. म्हणजे 'मी फक्त पिशवी ठेवली' यातही तो अडकू शकतो. भाई पोरं का जवळ करतो? पोरावर केस हलकी बसते असा त्याचा हिशेब. त्याला हे माहीत नसतं किंवा तो सांगत नाही, की मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला याच कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ९५ वेगळंच.

प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, त्याला भेटा. एकट्या जाऊ नका, वस्तीतलं जाणतं माणूस सोबत घ्या. नाहीतर मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करा.

शाळा सुटलीच तर घाबरू नका. खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं. मी बसवलीत मुलं.

ऑरेंज_सिटी

मास्तरांचं पटलं. आमच्या नागपुरात विजय बारसे सरांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना दिसली आणि २००१ मध्ये त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. तिथं शिकलेली पोरंच पुढं प्रशिक्षक झाली, हे मला जास्त मोठं वाटतं. बाहेरून येणारे ताई-दादा सहा महिन्यांत प्रकल्प संपला की जातात ना भाऊ.

स्पष्टवक्ता

मास्तर, मंडळाला अंड्यांचे पैसे पाठवायचे असतील तर कसे पाठवायचे?

मैदानातला_मास्तर

पैसे नकोत. आठवड्यातून एकदा स्वतः घेऊन या. पोरांना ओरडणारं नवीन माणूस हवंच आहे.

हडपसरची_मावशी

सगळ्यांचे आभार. पोलीस ठाण्यात पुढच्या आठवड्यात जातोय, बहिणीच्या शेजारचे काका येणार आहेत.

काल त्याला मैदानावर सोडलं. मास्तरांनी सांगूनही थांबले, कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसून बघत होते. पहिला तासभर तो भिंतीवर बसून मोबाईलच बघत होता. मग मास्तरांनी न विचारता फक्कीची बादली त्याच्या पायाशी ठेवली आणि निघून गेले. दहा मिनिटांनी उठला. पावणेआठला भाईचा फोन आला. तीन वेळा कापला, चौथ्यांदा उचलला आणि गेला. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "तीनदा कापला ना? उद्या परत आणा."

रात्री बहिणीचा फोन, याच्या हाताला पांढरं काय लागलंय म्हणून.