चौदा वर्षांचा मुलगा आणि स्क्रीन: मर्यादा घालावी की त्याच्याच आवडीचा धागा पकडावा?

काठावरचा: मुलगा घरी आला की गेम, गेम थांबला की दुसरे लोक तोच गेम खेळतात त्याचे व्हिडिओ. पोहणं, गिटार, बुद्धिबळ, सगळे क्लास लावून झाले. दोन-चार दिवसांत "बोअर होतंय". माझं मत: वेळ सरळ कापावा. रिकामपण आलं की स्वतःच काहीतरी शोधेल.

रानवारा: असहमत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदा करून सोळा वर्षांखालच्यांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद केले होते. पोरं आईबापांच्या नावाने खाती काढून खेळायची. २०२१ मध्ये तो कायदा रद्द करायचं ठरलं. तुम्ही निवडलेल्या क्लासांत त्याच्या आवडीचं काय होतं? गेममध्ये त्याला नेमकं काय आवडतं ते विचारा. नवं जग बांधायला आवडत असेल तर ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात थ्रीडी मॉडेल करू दे. डावपेच आवडत असतील तर वाट वेगळी.

खडूस मास्तर: म्हणजे स्क्रीनवरून उठवून पुन्हा स्क्रीनसमोरच बसवायचं! छान. तेरा ते अठरा वयात रोज ८ ते १० तास झोप लागते, आणि मैदानावरच्या उजेडात वेळ गेला तर लघुदृष्टीचा, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचा, धोका कमी होतो. ब्लेंडर यातलं काय देणार? रात्री फोन खोलीबाहेर ठेवा. आईबापांचाही, नाहीतर पोरगा ऐकणार नाही.

रानवारा: झोपेचं मान्य, तिथे वाद नाही. पण फोन बाहेर ठेवल्याने झोप मिळेल, आवड नाही.

काठावरचा: सौदा केला तर? तासभर पोहला तर तासभर गेम.

तिरपी रेघ: नको! लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग आहे. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला आवडायचं, त्यांतल्या काहींना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली.

खडूस मास्तर: अहो, त्या मुलांना मुळात आवड होती. ह्याला पोहण्याची आवडच नाही, मग बक्षिसाने कमी काय होणार? सुरुवातीला ढकलावंच लागतं. पाण्याची भीती गेल्याशिवाय मजा कळत नाही.

तिरपी रेघ: मुद्दा रास्त आहे. पण बक्षीस म्हणून गेमच दिलात की पोहणं हे काम आणि गेम ही मजुरी, असा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होतो. ढकलायचंच तर बरोबर पाण्यात उतरा. नाहीतर त्याचा एखादा मित्र जिथे जातो तिथे पाठवा. या वयात बापापेक्षा मित्राचं वजन जास्त.

काठावरचा: मित्र सगळे त्याच गेममध्ये आहेत.

रानवारा: मग त्या सगळ्यांनाच एकदा घरी बोलवा. फोन काढून घेऊ नका, नुसतं काय बोलतात ते ऐका.

खडूस मास्तर: आणि वायफायचा पासवर्ड बदलून ठेवा.