खोल समुद्राच्या तळाला असतो तो गाळ की अवसाद?

एरंडोलकर: आठवी-नववीच्या मुलांसाठी एक लेख मराठीत आणतेय. समुद्राच्या तळाशी लाखो वर्षं थर साचतात. त्यातल्या फोरॅमिनिफेरांच्या, म्हणजे समुद्रातल्या एकपेशी जीवांच्या, बारीक शिंपल्यांत ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड प्रकार) जास्त सापडला तर तेव्हा पाणी थंड होतं, किंवा ध्रुवांकडे बर्फ वाढला होता. शास्त्रज्ञ एमिलियानींनी १९५५ मध्ये याच मार्गाने हिमयुगांचा माग काढला. मी सगळीकडे 'गाळ' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'अवसाद' केलं. माझी भाची नववीत आहे, तिला 'अवसाद' म्हणजे मनाची उदासी एवढंच माहीत. काय ठेवू?

धुळेकर: गाळच. सरकारी योजनेचं नावच 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आहे. धरणाला नको असलेला गाळ शेताला हवा असतो. उन्हाळ्यात तलावातला गाळ ट्रॅक्टरने आणून बरड रानात पसरतात, त्या शेतकऱ्याला कोणी 'अवसाद टाकला का?' विचारेल का?

अमळनेरकर: शब्द नीट बघा. अव + सद्, म्हणजे खाली बसणं. इंग्रजी 'सेडिमेंट'चं लॅटिन मूळही याच 'सद्'चं भावंड. उलट 'गाळ' गाळण्यातून आला, गाळून मागे राहतं ते. समुद्रात कोण गाळतंय? शिवाय गाळ म्हटलं की नदीने वाहून आणलेली माती डोळ्यांपुढे येते. किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात तळावर मुख्यतः वरून पडलेले शिंपले असतात, आणि हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर साचतात. 'गाळ' लिहिलंत तर मुलं तापीचा पूर समजतील.

चोपडेकर: मग 'साका' का नको? आजी रांजणात तुरटी फिरवायची, पाणी निवळलं की खाली राहायचा तो साका. कढवलेल्या तुपाखाली बेरी, पाण्याखाली साका. दोन्हीत काही गाळावं लागत नाही, आपोआप बसतं.

पाचोरेकर: साका आमच्या घरी कधी ऐकला नाही. आम्ही 'खाली बसलेलं' म्हणायचो.

धुळेकर: अमळनेरकर, एक सांगतो, मग ठरवा. मागच्या उन्हाळ्यात आमची विहीर उपसली. तळाचा गाळ काळाकुट्ट, कुजक्या अंड्यासारखा वास. दोन दिवस बांधावर पडला तर वरून तांबूस झाला आणि वास गेला. खाली हवा पोचत नव्हती, वर पोचली, एवढाच फरक. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते बाराशे मीटर खोलीवर ऑक्सिजन फार कमी असतो. जिथे तळाशी ऑक्सिजन संपतो तिथे पाण्यातले मॉलिब्डेनम, युरेनियम हे धातू गाळात अडकून साचतात. म्हणून त्यांचं प्रमाण मोजून जुन्या समुद्रात ऑक्सिजन किती होता ते कळतं. आमच्या विहिरीत जे दोन दिवसांत दिसलं तेच हे. मुलगा 'गाळ' म्हटल्यावर तो काळा थर आठवेल, 'अवसाद' म्हटल्यावर काय आठवेल?

अमळनेरकर: उदाहरण चांगलं आहे, पण विहीर म्हणजे समुद्र नाही. शास्त्राला घट्ट शब्द लागतो. 'गाळाचे खडक' चालतं तेही सवयीने.

एरंडोलकर: सवयीने चालतं तेच मला हवंय. आणि 'कोअर' ला, म्हणजे तळातून उभ्या काढलेल्या थरांच्या नमुन्याला, काय? २०१५ मध्ये अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या लक्ष्मी खोऱ्यात साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्याखाली भोक पाडून असे लांब नमुने काढले.

पाचोरेकर: 'गाभा' म्हणा. पण एक शंका. आपल्या खानदेशी अहिराणीत ळचा य होतो: डोळ्याचा डोया, शाळेची शाया, केळीची केयी. गाळ म्हणायला गेलं तर 'गाय' होईल. म्हणूनच आपल्याकडे 'गारा' टिकला असेल का?

चोपडेकर: गारा वेगळा. गारा भिंतीला, पायांनी तुडवलेला. धाब्याच्या घराला गारा लागायचा, गाळ नाही.

पाचोरेकर: आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर होतो तोही गाराच. तुडवायला कोणी जात नाही.

चोपडेकर: तो चिखल हो.