एकेक ओळ दाबत बसू नका
जीडीबी म्हणजे प्रोग्रॅम मधेच थांबवून चुका शोधायचं साधन. त्यात मोठ्या लूपमधून (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालतात तिथून) 'नेक्स्ट', म्हणजे एक ओळ पुढे जायची आज्ञा, दाबून दाबून बोटं दुखतात, अशी एकाची तक्रार आहे. लूपनंतरच्या ओळीचा नंबर देऊन 'अनटिल 58' म्हणा, सरळ तिथे जाऊन थांबतो. चुकून नको त्या फंक्शनमध्ये शिरलात तर 'फिनिश' म्हणा; ते फंक्शन पूर्ण चालवून बाहेर येतो, आणि त्यातून परत मिळालेली व्हॅल्यूही दाखवतो.

पण मला सगळ्यात जास्त भरवसा अटीच्या ब्रेकपॉइंटचा, म्हणजे दिलेली अट खरी असेल तेव्हाच ठरलेल्या ओळीवर थांबायचं. इथे सोलापुरात एका चादर कारखान्याचं बिलिंग तपासत होतो. शेकडो बिलांत एकाचीच रक्कम उणे. 'ब्रेक 42 इफ रक्कम < 0' (रक्कम शून्याहून कमी असेल तरच ओळ 42 वर थांब) दिलं, नेमका त्याच बिलावर थांबला. मग 'बॅकट्रेस' (कुठल्या फंक्शनमधून कुठलं फंक्शन बोलावलं गेलं त्याची यादी) पाहिला: परत आलेल्या मालाची वजावट दोनदा होत होती.

आणि हो, कंपाइल करताना '-जी -ओ0' (डीबगिंगची माहिती ठेव, कोड वेगवान करायचे बदल करू नको) ठेवाच, नाहीतर ओळी पुढेमागे उड्या मारतात.