मदत हवी आहे : पाँपेई खणणारा स्पॅनिश इंजिनिअर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात मी रोके होआकिन दे अल्कुबिएर्रे यांच्यावर बोलणार आहे. १७०२ साली सारागोसात जन्मलेला हा लष्करी इंजिनिअर नेपल्सच्या राजाच्या सेवेत होता. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या दोन प्राचीन रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं खोदकाम त्याने १७३८ मध्ये सुरू केलं, पाँपेईचं १७४८ मध्ये. तेव्हा ते पाँपेई आहे हेही कळलेलं नव्हतं. शिलालेख मिळून खात्री पटली ती १७६३ मध्ये!

हर्क्युलेनियम ज्वालामुखीच्या घट्ट झालेल्या राखेखाली सुमारे २० मीटर खोल. त्यामुळे भुयारं खणायची, पुतळे नि चित्रं काढून राजवाड्यात पाठवायची आणि भुयार पुन्हा बुजवायचं, अशी पद्धत. त्या दमट भुयारांनी त्याची तब्येतही बिघडवली. जर्मन कला-इतिहासकार विंकेलमानने त्याला अडाणी ठरवलं, ते मला पटत नाही. पुरातत्त्व हे शास्त्रच तेव्हा घडायचं होतं.

याच्या आयुष्यावर मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत काही वाचलंय का कुणी? भुयारांचे जुने नकाशे कुठे पाहता येतील? त्याचा मदतनीस कार्ल वेबर याने काढलेला पपायरस व्हिलाचा (हर्क्युलेनियममधला, पपायरसच्या गुंडाळ्या सापडलेला रोमन वाडा) आराखडा मोठ्या आकारात मिळाला तर फारच बरं होईल. पुरातत्त्ववाल्यांनी जरूर लिहा.