रुईवर पिवळ्या-काळ्या किड्यांचा घोळका: टोळधाडीची पिल्लं आहेत का? मदत हवी आहे

शेतबांध

मंडळी, जरा घाईत लिहितेय. बाबांनी पंपात औषध भरायची तयारी केली आहे आणि त्याआधी मला खात्री करून घ्यायची आहे.

आमचं शेत काटोलच्या बाजूला. चार एकर संत्रा, बाकी कपाशी आणि तूर. काल श्रावणी शनिवार होता. मारुतीच्या माळेला रुईची पानं हवीत म्हणून सकाळी आजीबरोबर बांधावर गेले. पहिल्याच झाडाला हात लावला तर पानामागून वीस-पंचवीस किडे भराभर पलीकडे सरकले. उडाले नाहीत, पंखच नव्हते. बोटाच्या पेराएवढे, पिवळट हिरवे, अंगभर काळ्या रेघा आणि त्यात लालभडक ठिपके. एकाला काडीने हलवलं तर त्याने पाठीतून पाण्यासारखी पिचकारी मारली. ती थेट माझ्या मनगटावर आली. खालच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या आणि देठातून चीक गळत होता.

घरी येऊन मोबाइलवर शोधलं, तर वाळवंटी टोळाच्या पिल्लांचा फोटो समोर आला. पिवळी, काळ्या पट्ट्यांची, झुंडीने चालणारी. तेव्हापासून बाबांचं जेवणात लक्ष नाही.

२०२० च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातून टोळ उतरले, तेव्हा मोर्शी, आष्टी आणि आमच्या काटोलकडे काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. भर उन्हात पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. आई ताट बडवत होती, काका टायर जाळत होते, मी डबा वाजवत बागेतून धावत होते. संध्याकाळी ते संत्र्याच्या झाडांवर बसले तेव्हा फांद्या वाकल्या होत्या. ती रात्र आम्ही कुणीच झोपलो नाही.

म्हणून विचारते. हे तेच आहेत का? २०२० साली आलेल्यांनी इथे अंडी घातली असतील का? आणि टोळ व नाकतोडा यांत नेमका फरक काय? लहान भाऊही सारखा त्या झाडाशी जातोय, तो रस अंगावर आला तर अपाय होतो का?

गवतकाडी

ताई, आधी पंप बाजूला ठेवायला सांगा. आणि दोन गोष्टी बघून कळवा. किडे फक्त रुईवरच आहेत की शेजारच्या कपाशीवरही? मोठे, पंखवाले कुणी दिसतात का, आणि दिसले तर अंगावर निळा रंग आहे का?

मनगट साबणाने धुतलं असेलच. भावाच्या डोळ्यांत रस गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, तरी आग थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

शेतबांध

आत्ता जाऊन आले. कपाशीच्या दोन ओळी पानं उलटून पाहिल्या, तिथे एकही नाही. तुरीवरही नाही. पलीकडच्या मोठ्या रुईवर मात्र तीन पंखवाले सापडले. बोटाएवढे लांब, अंगावर पिवळे आणि निळे पट्टे, वरचे पंख हिरवे आणि त्यावर पिवळे ठिपके. इतके सुंदर की मी थोडा वेळ भीती विसरून बघतच राहिले.

गवतकाडी

मग काळजी सोडा. हा रुईवरचा रंगीत नाकतोडा, शास्त्रीय नाव पोएसिलोसेरस पिक्टस. तो उडाला तर मागचे पंख फिकट लाल दिसतील. तुम्ही पाहिलेली लाल ठिपक्यांची मंडळी ही त्याचीच पिल्लं. लहानपणी ती घोळक्याने राहतात, त्यामुळे पाहणाऱ्याला धडकी भरते. पण मोठी झाली तरी ती टोळधाड करून उडत नाहीत. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. हे किडे ती पचवून अंगात साठवतात, आणि तो भडक रंग म्हणजे पक्ष्यांना दिलेली ताकीद. पिचकारी हे त्यांचं दुसरं हत्यार, पोटाच्या सुरुवातीला पाठीवर असलेल्या ग्रंथीतून ती येते. रुई पार संपली तर ते क्वचित शेजारच्या झाडांवर जातात, तेवढं लक्ष ठेवा. नुसतं रुईवर असताना औषध मारू नका.

आता वाळवंटी टोळाचं. तुमची शंका अगदी योग्य आहे, कारण झुंडीतली त्याची पिल्लंही पिवळी-काळीच असतात. पण जरा विचार करा. पिल्लांना पंख नाहीत, म्हणजे ती राजस्थानातून चालत आलेली नाहीत. ती इथे असायची तर अंडीही इथेच घातलेली हवीत. २०२० साली आपल्याकडे आलेले टोळ कोणत्या रंगाचे होते आठवतं? गुलाबीसर. गुलाबी म्हणजे उडायला लागलेले, पण अजून वयात न आलेले. वयात आले की ते पिवळे होतात आणि मग ओलसर वाळूत अंडी घालतात. पावसाळ्यात त्यांची हक्काची जागा म्हणजे थरचं वाळवंट. आपल्याकडे ते हिरवळ शोधत, वाऱ्याबरोबर भरकटत आले होते.

त्या धाडीची सुरुवातही दूरवर झाली होती. २०१८ च्या मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरमध्ये लुबान अशी दोन चक्रीवादळं अरबस्तानच्या निर्जन वाळवंटात पाऊस टाकून गेली. तिथे माणूस फिरकत नाही, त्यामुळे पिढ्यामागून पिढ्या वाढल्या तरी कुणाला कळलं नाही. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात, आणि प्रत्येक टोळ दिवसाला आपल्या वजनाइतकं, म्हणजे साधारण दोन ग्रॅम खातो. तुमच्या आईने ताट का बडवलं ते मला पूर्ण समजतं.

टोळ आणि नाकतोडा यांतला फरक हा माझा फार आवडीचा विषय आहे, म्हणून थोडं लांबेल. सगळे टोळ हे नाकतोडेच. पण जगातल्या हजारो जातींपैकी मोजक्याच जातींमध्ये एक विलक्षण गोष्ट घडते: गर्दी झाली की ते बदलतात. एकटा टोळ भुरकट, लाजरा, रात्री उडणारा. तोच गर्दीत सापडला की रंग बदलतो, दिवसा उडतो, सोबत्यांना चिकटून राहतो. १९२१ पर्यंत शास्त्रज्ञ या दोन रूपांना दोन वेगळ्या जाती समजत. बोरिस उवारोव या कीटकशास्त्रज्ञाने त्या एकच असल्याचं दाखवलं. पुढे २००९ साली कळलं की मागच्या पायांना सतत धक्के लागत राहिले, तर वाळवंटी टोळाच्या शरीरात सेरोटोनिन हे मज्जासंस्थेतलं रसायन वाढतं आणि दोनेक तासांतच एकटा प्राणी कळपात ओढला जातो. तुमच्या रुईवरच्या किड्यात हे रूपांतर नाही.

खाचर

गवतकाडी यांच्याशी सहमत. आमच्या कोकणात भातावर हिरवे नाकतोडे येतात, हायरोग्लायफस जातीचे. ते नुकसान करतात, पण तीही टोळधाड नव्हे. अंडी बांधाच्या मातीत असतात, म्हणून उन्हाळ्यात बांध खरवडून काढले की ती उघडी पडतात आणि उन्हाने, पाखरांनी संपतात. वडील दरवर्षी करायचे, मीही करतो.

आणि एक जात चक्क आपल्या मुंबईच्या नावाची आहे, बॉम्बे लोकस्ट. १९०१ ते १९०८ या काळात तिने मुंबई इलाख्याला छळलं. लेफ्रॉय या कीटकशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला होता. तो टोळ आजही आहे, पण एकटादुकटा.

उत्तरवारा

मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहते. हा धागा वाचून राहवलं नाही. इथल्या कोल्ड स्प्रिंग गावात टेकडीवर एक छोटं चर्च आहे, १८७७ साली नवसाने बांधलेलं. मूळचं लाकडी, ते वादळात गेलं, आता दगडी आहे. दारावर मेरीची मूर्ती कोरली आहे आणि तिच्या पायाशी दोन नाकतोडे वाकून नमस्कार करताहेत. त्याच वर्षी २६ एप्रिलला राज्याच्या गव्हर्नरने टोळ जावेत म्हणून प्रार्थनेचा दिवस जाहीर केला होता.

ते रॉकी पर्वतातले टोळ. १८७५ साली नेब्रास्कातल्या अल्बर्ट चाइल्ड यांनी एका थव्याचा अंदाज बांधला, तो निघाला सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाखांच्या थोडा वर आहे. आणि एवढी प्रचंड जात संपली! शेवटचा जिवंत टोळ १९०२ साली कॅनडात मिळाला. धाड नसायची तेव्हा ते डोंगरातल्या मोजक्या नदीखोऱ्यांत तग धरून असत. तीच जमीन वसाहतवाल्यांनी नांगरली आणि अंडी गेली, असं मानतात. आता मोंटानातल्या एका हिमनदीच्या बर्फात त्यांची शरीरं तेवढी सापडतात.

शेतबांध, त्या चर्चच्या दारात उभी राहिले तेव्हा मला माझी आजी आठवली होती. आज तुमची आजी वाचली आणि पुन्हा तेच झालं.

शेतबांध

तिघांचे मनापासून आभार. गवतकाडी यांचा गुलाबी रंगाचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हो, गुलाबीच होते, पाय लालसर." मग स्वतः बांधावर आले. वाकून त्या निळ्या-पिवळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पंप परत गोठ्यात टांगला. भावाला लांबून बघायची परवानगी आहे, काडी लावायची नाही.

परतताना आमच्या एका कोंबडीने एक पिल्लू टिपलं. लगेच टाकून दिलं आणि चोच मातीत पुसत राहिली.

आजीने माळेसाठी पानं पलीकडच्या नाल्यावरून आणली. आमच्या बांधावरची रुई यंदा तशीच ठेवतोय. दर दोन दिवसांनी कपाशीच्या कडेच्या ओळी तपासते, काही वेगळं दिसलं तर इथेच लिहीन.