मासवडीच्या खानावळीला सावित्रीबाईंचं नाव द्यावं का? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ओतूरच्या (ता. जुन्नर) बायका मिळून बचत गट चालवतो. आतापर्यंत घरूनच ऑर्डरी घ्यायचो. मासवडी, झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, शिवाय मुंबईला पाठवायला मासवडीच्या कोरड्या सारणाची पाकिटं. आता कल्याण-नगर रस्त्याला गाळा मिळतोय. पावसाळ्यात माळशेजला जाणाऱ्या गाड्या तिथूनच जातात, म्हणून खानावळ काढायचं ठरलंय. उद्घाटन 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला करायचं, यावर सगळ्यांचं एकमत आहे. अडलंय ते नावावर.

मी ‘सावित्रीमाई खानावळ’ असं सुचवलं. कारण सांगते. 1876-77 च्या दुष्काळात सावित्रीबाई आमच्या भागात मदतीच्या कामाला आल्या होत्या. जोतीरावांना लिहिलेलं त्यांचं 20 एप्रिल 1877 चं पत्र ओतूरहूनच लिहिलेलं आहे. अन्नावाचून गाव सोडून निघालेली माणसं, तडफडून मेलेली जनावरं, हे सगळं त्यात आहे. त्याच दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी मुलांसाठी अन्नछत्रं चालवली. शाळांना त्यांचं नाव आहे, 2014 पासून पुणे विद्यापीठालाही आहे. पण दुष्काळात भुकेल्यांसाठी राबलेल्या सावित्रीबाई फार कमी लोकांना माहीत आहेत. निदान आमच्या गावात तरी त्यांची ही ओळख अन्नाच्या जागी दिसावी, असं मला मनापासून वाटतं. ते पत्र मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावायचं, हेही माझ्या डोक्यात आहे.

गटातल्या एका आजींनी मात्र हरकत घेतली, आणि ती मला पटतेही. त्या म्हणाल्या, “अगं, श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला आपण पार्सलं विकणार. लोक खाऊन कागद टाकणार आणि माईंच्या नावावर पाय पडणार. चालेल का तुला?” संभाजी महाराजांच्या नावाची विडी होती, तेव्हा लोकांचा राग याच गोष्टीवर होता. पाकीट फेकलं जातं, तुडवलं जातं. आंदोलनं झाली आणि 2020 साली कंपनीला नाव बदलायचं कबूल करावं लागलं. आमची मासवडी म्हणजे विडी नव्हे, हे खरं. पण कागद तर पायदळी येणारच.

दुसऱ्या एकीचं म्हणणं, रस्सा एखाद दिवशी बिघडला तर गिऱ्हाईक आपलं नाव घेणार नाही, पाटीवरचं घेईल. हे मला तितकंसं पटत नाही. उलट पाटीवर असं नाव असलं की शिळं वाढायला हात धजणार नाही.

कायद्याचं जेवढं वाचलं ते असं. 1950 च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्यात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू अशी नावं धंद्यासाठी वापरायला मनाई आहे. त्या यादीत सावित्रीबाईंचं नाव मला दिसलं नाही. महाराष्ट्रात 2022 पासून दारू विकणाऱ्या किंवा देणाऱ्या ठिकाणांना महापुरुषांची, थोर स्त्रियांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. आमच्याकडे ताकाशिवाय काही मिळणार नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.

खरा पेच पाकिटांचा आहे. सारणाच्या बंद पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि अन्न परवान्याचा नंबर छापावाच लागतो. परवाना ‘सावित्रीमाई’ नावाने काढला तर तेच नाव प्रत्येक पाकिटावर येणार. म्हणून मला असं सुचतंय की परवाना, बँक खातं आणि पाकिटं गटाच्या नावाने ठेवायची. माईंचं नाव फक्त दारावरच्या पाटीवर, मराठीत, ठळक. पार्सलच्या कागदावर, बिलावर, हात पुसायच्या कागदावर कुठेही नाव नाही, फोटो तर नाहीच.

इथे कुणी असा धंदा केला असेल तर सांगा: पाटीवर एक नाव आणि परवान्यावर दुसरं, असं चालतं का? दुकान नोंदणीच्या वेळी दोन्ही नावं लिहून देता येतात का? पुढे घरपोच जेवणाच्या ॲपवर गेलो तर तिथे कुठलं नाव द्यावं लागतं?

आणि कायद्यापलीकडचं एक विचारते. गावात सावित्रीबाईंना मानणारी जुनी सत्यशोधक घरं आहेत. आधी त्यांच्याकडे जाऊन विचारावं, असं आजींचं मत आहे. परवानगी कुणाची लागते म्हणून नाही, मान म्हणून. तुमच्या गावात असं कुणी केलंय का? जाताना काय घेऊन जावं, कसं बोलावं, तेही सांगा. पेंटरकडे पाटी द्यायच्या आधी त्यांना भेटून यायचं आहे.