उ: पाच तारांचा बेस गिटार आणि स्प्लिट-कॉइल पिकअप

स्प्लिट-कॉइल पिकअपवर (तारांचं कंपन पकडणारी कॉइल, दोन तुकड्यांत विभागलेली) लो बी, म्हणजे सगळ्यात जाड पाचवी तार, नुसती घोंघावते असं आधीच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते अर्धंच पटलं. १९५७ च्या फेंडर प्रिसिजन बेसपासून जाड तारांची कॉइल नेककडे (गिटारच्या मानेकडे) आणि बारीक तारांची ब्रिजकडे (तारा अडकवतात त्या टोकाकडे) अशीच मांडणी चालत आलीये, चार तारांना ती मस्त लागते पण बी साधारण ३१ हर्ट्झची, तिथे नेककडून खर्ज जास्त आणि अटॅक (तार छेडतानाचा ठसका) कमी मिळतो म्हणून ती ढिली वाटते. रिव्हर्स पी (उलट मांडणीचा प्रिसिजन पिकअप) लावून बघा, म्हणजे जाड तारांची कॉइल ब्रिजकडे, बी लगेच आवळल्यासारखी वाजते, हां पण डी-जी या बारीक तारा थोड्या गुबगुबीत होतात, मला तरी ते आवडतं. दोन कॉइल उलट गुंडाळलेल्या असल्याने हम (विजेची घुंघुं) नाही हा फायदा आहेच. आणि सगळा दोष पिकअपला कशाला देताय, ३५ इंची स्केल (तारेची वाजती लांबी) किंवा १३० ची (०.१३० इंच जाडीची) तार लावली तरी बीमध्ये बराच फरक पडतो, आणि छोट्या कॅबवर (स्पीकरच्या खोक्यावर) तर ३१ हर्ट्झ ऐकूच येत नाही, वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच सुराच्या पटीतले स्वरच ऐकतो आपण. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) करणार असाल तर मात्र जोडीला ब्रिजजवळ एक जॅझ पिकअप (फेंडर जॅझ बेसवरचा, एका कॉइलचा) हवाच.